एथिक्स कमिटीतल्या ‘सामान्य माणसा’ला खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या हॉस्पिटलांच्या एथिक्स कमिट्यांचे सर्व सदस्य,
आणि त्यांतही जे ‘सामान्य नागरिक’ म्हणून नेमलेले आहेत ते,

स.न.वि.वि.

मी मुद्रितशोधक आहे. सव्वीस वर्षं पुण्यात बसून लोकांचे ऱ्हस्वदीर्घ नीट करते. पाठ्यपुस्तकं, दिवाळी अंक, पतसंस्थांचे अहवाल, वेळप्रसंगी लग्नपत्रिकासुद्धा. त्यांतली शेवटची चौदा वर्षं मला आमवात, म्हणजे रूमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. फायलीवर ‘आर.ए., सीरोपॉझिटिव्ह’ असं लिहिलेलं असतं; शेजारच्या काकू ‘तुझं ते वाताचं’ म्हणतात. रविवारी रात्री जेवणानंतर मेथोट्रेक्सेट या आमवाताच्या जुन्या औषधाच्या सहा गोळ्या, सोमवार मळमळीत, मंगळवारपासून मी माणसांत. सकाळी पहिला तासभर मूठ वळत नाही. दुधाची पिशवी कापायला कात्रीही धरता येत नाही, दातांनी फोडते. सांगायचं कारण एवढंच, की ज्या कागदाबद्दल पुढे लिहिलंय तो कागदही माझ्या धंद्यातला आहे आणि ज्या सांध्याबद्दल लिहिलंय तो सांधाही माझाच आहे.

गेल्या पावसाळ्यात मला एका ट्रायलबद्दल विचारलं गेलं, म्हणजे पेशंटांवर नवं औषध तपासून बघायच्या चाचणीबद्दल, जिला तुमच्यासारख्या कमिटीची मंजुरी लागते. हॉस्पिटल कुठलं, कंपनी कुठली, ते मुद्दाम लिहीत नाही. ‘जॅक’ नावाचं एन्झाइम अडवणारी नवी गोळी, चोवीस आठवडे, मेथोट्रेक्सेट चालू ठेवून त्याच्या जोडीला. को-ऑर्डिनेटर मुलगी फार चांगली होती. तिने चहा मागवला, तेवीस पानांचं मराठी संमतीपत्रक हातात दिलं आणि ‘घरी नेऊन वाचा, घाई नाही’ म्हणाली. मी नेलं. सवयीने लाल पेनही घेतलं.

पान १ वरचं शीर्षक असं: ‘संधिवातातील सांध्यांच्या हानीवर जानुस कायनेज विकर-अवरोधकाच्या परिणामकारकतेचा यादृच्छिक, दुहेरी अंध, प्लासिबो-नियंत्रित अभ्यास’.

आता ‘जानु’ म्हणजे गुडघा. आजानुबाहू, जानुशीर्षासन, हे शब्द ज्याने वाचलेत तो मराठी माणूस ‘जानुस’ वाचून काय समजेल? मी समजले, ही गुडघ्याची गोळी. माझे गुडघे तसे बरे आहेत, त्रास बोटांचा आणि पावलांचा. म्हणून दोन पानं मी ‘हे आपल्यासाठी नाहीच’ असं धरून वाचली. मग कळलं, जानुस हा दोन तोंडांचा रोमन देव, आणि या एन्झाइमला दोन सारखे भाग असतात म्हणून त्याचं नाव दिलेलं; ‘जॅक’ हे जानुस कायनेजचंच छोटं रूप. ‘विकर’ म्हणजे एन्झाइम, शरीरातल्या क्रिया घडवून आणणारं प्रथिन; शब्द शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे, खरं आहे. पण ओपीडीच्या बाकावर बसलेल्या चाळीस जणांना विचारा. एन्झाइम कदाचित चौघांना माहीत असेल, विकर एखाद्याला.

पुढे मजा वाढत गेली. ‘विषयाने अभ्यासकाळात गर्भवती राहू नये.’ हा विषय म्हणजे मी. ‘आपणांस दोनपैकी एका भुजेत ठेवण्यात येईल.’ ज्यांचे हातच कामातून गेलेत त्यांच्या कागदावर ‘भुजा’! गट म्हणायला काय झालं होतं? ‘दुहेरी अंध’ वाचून माझ्या शेजारी बसलेल्या बारामतीकडच्या एका बाईंनी मला हळूच विचारलं, “ताई, डोळ्यांवर येतं का हो यानं?” त्यांची शंका रास्त होती. कुणाला खरी गोळी आणि कुणाला नुसती दिखाऊ, हे पेशंटलाही ठाऊक नसतं आणि डॉक्टरलाही, एवढं एक वाक्य तिथे कुणी लिहिलं नव्हतं.

इथपर्यंत हसण्यावारी नेता येतं. पान १४ वर मात्र हसू आलं नाही. धोक्यांच्या यादीत ‘हर्पिस झोस्टर’ असं देवनागरीत लिहून सोडून दिलेलं होतं. अहो, नागीण! महाराष्ट्रात कुठल्या म्हातारीला नागीण माहीत नाही? ती अंगावर उठली की काय जळजळ होते, महिनोन्‌महिने कशी ठसठसत राहते, घराघरात ठाऊक आहे. जॅक अडवणाऱ्या औषधांनी नागीण उठण्याचं प्रमाण वाढतं, ही पक्की माहिती आहे. जपान आणि कोरियातल्या पेशंटांत ते आणखी जास्त दिसलं. सगळ्यांना कळणारा एकमेव धोका होता, तोच नेमका कुणाला कळणार नाही अशा नावाने छापला. तसंच ‘प्रमुख प्रतिकूल हृदयवाहिन्यासंबंधी घटना’. म्हणजे हार्ट अटॅक, लकवा किंवा हृदयविकाराने मृत्यू.

माझ्या एकूण लाल खुणा एकसष्ट झाल्या. पण हे पत्र त्या एकसष्ट खुणांसाठी नाही. त्या सांगून तुमचं लक्ष वेधलं, आता मूळ मुद्द्यावर येते. तो पान ११ वर आहे आणि त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

शीर्षकात ‘सांध्यांची हानी’ आहे. पान ११ वर औषधाचा गुण कशावरून ठरवणार ते दिलंय: सुजलेले सांधे किती, दाबल्यावर दुखणारे किती, दुखणं दहा सेंटिमीटरच्या रेघेवर कुठे, आणि ईएसआर, सीआरपी या दाह दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या. आणि एक्स-रे? एकदाच, पहिल्या भेटीत, ट्रायलमध्ये घ्यायचं की नाही ते ठरवायला. चोवीस आठवड्यांनंतर हाडाचं काय झालं हे कुणी बघणारच नव्हतं.

दुखणं थांबणं आणि झीज थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाराच्या चौकटीला वाळवी लागते तेव्हा दार करकरत नाही. वरचा रंग जसाच्या तसा असतो, बोट लावलं की आत जातं. पाच-सहा वर्षांपूर्वी माझं वर्ष फार सुंदर गेलं होतं. सीआरपी नॉर्मल, सूज जवळपास नाही, भाचीच्या लग्नात मी दिवसभर उभी. त्याच वर्षअखेरीच्या एक्स-रेत डाव्या करंगळीच्या, हो, पायाच्या करंगळीच्या बुडाशी उंदराने कुरतडल्यासारखी एक नवी खाच. डॉक्टरांनी दोन्ही फिल्मा उजेडावर शेजारी-शेजारी धरल्या तेव्हा मलाही दिसली. पायाचं मुद्दाम सांगते, कारण ट्रायलांमध्ये सर्रास वापरतात त्या २८ सांध्यांच्या मोजणीत पाऊल आणि घोटा धरलेलेच नाहीत. खांदे, कोपरं, मनगटं, बोटं, गुडघे, बस्स. आमवाताची झीज पुष्कळदा पावलातच आधी दिसते. माझं पाऊल त्या हिशेबात मोजलंच जात नाही.

उलटंही होतं. डेनोसुमॅब नावाचं हाडाचं इंजेक्शन आहे. ते आमवातात दिलं तर हाडावरच्या खाचा वाढायच्या थांबतात, पण सूज आणि दुखणं आहे तिथेच राहतं. जपानने २०१७ साली ते खास या खाचांसाठी मंजूर केलं. तेव्हा एकावरून दुसरं धरून चालायचं नाही, हे शास्त्राला नीट माहीत आहे. संमतीपत्रक लिहिणाऱ्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही.

एन्झाइम अडवायच्या औषधांनी तर हा धडा फार महाग शिकलाय. १९९० च्या दशकात सगळ्यांची आशा वेगळ्या एन्झाइमांवर होती. सांध्यातली कूर्चा ज्याने बांधलेली असते ते कोलॅजन कापणारी एन्झाइमं, एमएमपी म्हणतात त्यांना, कात्र्याच समजा. आमवातात या कात्र्या भरमसाट तयार होतात. मग कात्री धरून ठेवणारी गोळी काढली की झीज थांबली, इतकं सरळ गणित. प्रयोगशाळेत जमलं, जनावरांत जमलं. रोश कंपनीने ट्रोकेड नावाचं असं औषध माणसांत आमवातासाठी तपासलं आणि सांध्यांची झीज काही थांबेना म्हणून सोडून दिलं. त्याच जातकुळीचं मारिमास्टॅट कॅन्सरच्या पेशंटांना दिलं होतं. त्यांतल्या बऱ्याच जणांचे खांदे धरले, हातांचे सांधे दुखायला आणि आखडायला लागले. सांधे वाचवणाऱ्या जातीचं औषध, आणि धडधाकट सांधे त्याने दुखावले! का, तर त्या कात्र्या शरीराला रोजच्या डागडुजीलाही लागतात आणि औषधाला चांगली कात्री, वाईट कात्री ओळखता येत नाही. कागदावर पटणारं कारण आणि हाडावर दिसणारा परिणाम यांत केवढं अंतर असतं ते तेव्हा कळलं. ते कळलं, कारण कुणीतरी मोजलं.

‘जॅक’ ही त्या कात्र्यांच्या बरीच वरची पायरी. पेशीच्या बाहेर येऊन थांबलेला दाहाचा निरोप आत पोचवणारा जणू शिपाई. त्याला अडवलं की निरोपच आत जात नाही, मग सूज कमी, आणि कात्र्याही कमी, असा हिशोब. हा हिशोब बराच खरा ठरला. या वर्गातली आमवाताची पहिली गोळी, टोफासिटिनिब, अमेरिकेत नोव्हेंबर २०१२ मध्ये मंजूर झाली. आज आपल्याकडे ती कितीतरी कंपन्या बनवतात, गल्लीतल्या मेडिकलमध्ये ‘टोफा’ म्हणून मिळते, आणि माझ्या ओळखीतल्या तिघींचे हात तिने पुन्हा पोळपाटाला लागले. मी या औषधांच्या विरोधात नाही.

पण तिचीही झीजेची परीक्षा बघा. ओरल स्कॅन नावाच्या ट्रायलमध्ये ७९७ पेशंट होते, सगळे मेथोट्रेक्सेटवर. हाताच्या आणि पावलांच्या एक्स-रेला ० ते ४४८ असे गुण देतात, गुण वाढले की झीज वाढली. सहा महिन्यांत दिखाऊ गोळीच्या गटात सरासरी वाढ ०.४७, पाच मिलिग्रॅमच्या गटात ०.१२, दहाच्या गटात ०.०६. दहाचा फरक हिशोबात पक्का बसला. पाचचा बसला नाही, योगायोगाने आला असेल ही शंका उरली. आणि रोज दोनदा घ्यायचा मंजूर डोस कुठला? पाच. युरोपच्या औषध नियामकाने २०१३ साली या गोळीला नकार दिला. धोक्यांबरोबर त्यांनी जी कारणं दिली त्यांत हेही होतं, की सांध्यांची झीज थांबते हे पुरेसं सिद्ध झालेलं नाही. पुढे जास्त पुरावा आला आणि २०१७ मध्ये त्यांनी मंजुरी दिली. म्हणजे मी विचारतेय तो प्रश्न एखाद्या चिकित्सक बाईच्या डोक्यातून निघालेला नाही. तो एका अख्ख्या खंडाने औषध चार वर्षं दाराबाहेर ठेवून विचारलाय.

तुमच्यातले डॉक्टर सदस्य आता म्हणतील, बाई, झीज सहा महिन्यांत दिसत नाही, आणि दिखाऊ गोळीवर पेशंटला वर्षभर ठेवणं पाप आहे. अगदी मान्य. ओरल स्कॅनमध्येही गुण न आलेल्यांना तीन महिन्यांनी खऱ्या गोळीवर घेतलं आणि सहा महिन्यांनी उरलेल्या सगळ्यांना. तसंच हवं. त्यामुळे झालं असं, की दिखाऊ गोळीच्या गटातल्या बऱ्याच जणांचा सहाव्या महिन्याचा आकडा तिसऱ्या महिन्यापर्यंतच्या वेगावरून अंदाजाने काढावा लागला. ही अडचण खरी आहे आणि तिला सोपं उत्तर नाही. पण उत्तर मुळीच नाही असंही नाही. ओरल स्टार्ट नावाच्या दुसऱ्या ट्रायलमध्ये, २०१४ साली ती छापून आली, ९५८ पेशंटांत दिखाऊ गोळी ठेवलीच नाही. एका बाजूला टोफासिटिनिब, दुसऱ्या बाजूला आमचं जुनं मेथोट्रेक्सेट, दोन वर्षं. कुणीच उपचाराविना राहिलं नाही आणि एक्स-रे मोजता आले. सहा महिन्यांत मेथोट्रेक्सेटच्या गटात वाढ ०.८, पाच मिलिग्रॅमच्या गटात ०.२.

म्हणून मागणं साधं आहे. कंपनीला हाडाचं मोजायचं नसेल तर नको मोजू दे, सूज आणि दुखणं मोजणाऱ्या ट्रायलही लागतात. पण मग शीर्षकातून ‘हानी’ काढा. आणि ‘हानी’ ठेवायची असेल तर सुरुवातीला आणि शेवटी, हात आणि पाऊल दोन्हींचे एक्स-रे ठेवा. ‘सांधे वाचवायचं औषध’ हे ऐकून आम्ही सही करतो. दुखणं आम्ही सोसतोच. वाकडी झालेली बोटं सरळ होत नाहीत, ही भीती आमच्या मनात सगळ्यांत खोल असते. त्या भीतीवर सही घ्यायची आणि मोजायचं भलतंच, हे तुम्ही मंजूर कसं केलंत?

धोक्यांबद्दल दोनच गोष्टी. पन्नाशीच्या पुढच्या आणि हृदयविकाराचा किमान एक धोका असलेल्या ४३६२ पेशंटांत टोफासिटिनिबची तुलना टीएनएफ नावाचा दाहाचा निरोप अडवणाऱ्या इंजेक्शनांशी केली गेली, निकाल २०२२ मध्ये आला. हार्ट अटॅक-लकव्याच्या घटना गोळीवाल्यांत ३.४ टक्के, इंजेक्शनवाल्यांत २.५, कॅन्सर ४.२ आणि २.९. अमेरिकेने २०२१ मध्येच या वर्गाच्या औषधांवरचे इशारे कडक केले होते. हे आकडे घाबरवणारे नाहीत, पण ते या भाषेत, म्हणजे शंभरातल्या किती बायाबापड्यांना, असे लिहिता येतात. माझ्या तेवीस पानांत एकही आकडा असा नव्हता.

दुसरी गोष्ट टीबीची. टोफासिटिनिबच्या जगभरच्या ट्रायलांमध्ये ५६७१ पेशंटांपैकी २६ जणांना टीबी झाला आणि त्यांतले २१ टीबी जास्त असलेल्या देशांतले होते. आपण कुठल्या रांगेत बसतो ते सांगायला नको. दिलासाही त्याच कागदांत आहे: अंगात दडलेला टीबी आधी शोधून ज्या २६३ जणांना आयसोनियाझिड या टीबीच्या औषधाबरोबर ही गोळी दिली, त्यांच्यातल्या कुणालाच टीबी उठला नाही. मग तपासणी सुरुवातीला एकदा करून थांबायचं का, घरात कुणाला खोकला सुरू झाला तर पेशंटने काय करायचं, चाळीत आणि वस्तीत राहणाऱ्या माणसाला हे कोण सांगणार? कंपनीच्या परदेशातल्या ऑफिसात बसून हा प्रश्न सुचणार नाही. तुम्हाला सुचायला हवा.

आता खास त्या एका सदस्याला, ज्यांच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं. २०१९ च्या नव्या औषधांच्या आणि क्लिनिकल ट्रायलच्या नियमांनुसार कमिटीत किमान सात जण हवेत, निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे. त्यांत डॉक्टर आहेत, वकील आहेत, एक बाई हवीच आहे, आणि एक सामान्य नागरिक. तुम्ही नसाल तर कोरमच होत नाही, एवढं तुमचं वजन. कदाचित तुम्ही निवृत्त शिक्षक असाल, बँकेतले असाल. बैठकीत सगळे इंग्रजीतून पी-व्हॅल्यू आणि एंडपॉइंट बोलत असतील आणि आपण कशाला मध्ये तोंड घाला, असं तुम्हाला वाटत असेल. मला समजतं. मीही प्राध्यापकांच्या पुस्तकांवर लाल पेन चालवताना सुरुवातीला थरथरायची. पण त्याच नियमांच्या तिसऱ्या परिशिष्टात लिहिलंय, की संमतीची माहिती तांत्रिक नसलेल्या, पेशंटला कळेल अशा भाषेत हवी. औषध लागू न पडण्याची शक्यता आहे हे सांगायला हवं. दिखाऊ गोळीने काही गुण येणार नाही हेही. ‘कळेल अशा’ म्हणजे कुणाला? ते ठरवायला टेबलाभोवती दुसरं कोण बसलंय? संधिवाताच्या तज्ज्ञाला ‘दुहेरी अंध’ खटकणारच नाही. तुम्हाला खटकायला हवं, तेवढ्यासाठीच तर तुम्हाला खुर्ची दिलीय.

बैठकीत फक्त एवढं विचारा: “शीर्षकात जे म्हटलंय ते कुठल्या पानावर मोजलंय?” आणि त्यानंतर: “चोवीस आठवडे संपल्यावर पंचविसाव्या आठवड्यात या माणसाचं काय?” आमवात चोवीस आठवड्यांत संपत नाही. ज्याला गोळी लागू पडली, आणि दुसरा इलाज नाही, त्याला ट्रायल संपल्यावरही ती फुकट देता येते, अशी तरतूद नियमांत आहे. डॉक्टरांनी शिफारस करायची आणि तुमच्या कमिटीने ती मान्य करायची. माझ्या कागदांत त्याचा उल्लेख नव्हता. को-ऑर्डिनेटर मुलीला विचारलं, तिने प्रामाणिकपणे सांगितलं, “मॅडम, हे अजून कुणी विचारलंच नव्हतं.”

मी सही केली नाही. औषधाला भ्याले म्हणून नव्हे. शेवटच्या पानावर एक्स-रेची एक ओळ असती तर केली असती, भुजेसकट. बारामतीच्या त्या बाईंनी केली. त्यांचा नंबर माझ्याकडे आहे, अधूनमधून बोलणं होतं. सूज बरीच उतरलीय म्हणतात. पावलांचं विचारलं तर म्हणाल्या, ते काय बघत नाहीत.

एक प्रस्ताव देऊन थांबते. मराठी संमतीपत्रकं मंजुरीआधी माझ्याकडे पाठवलीत तर मी विनामूल्य तपासून देईन. माझ्यासारखे आणखी चार-पाच मुद्रितशोधकही तयार होतील, आमच्यात संधिवाताला तोटा नाही. फक्त कागद एका बाजूला छापलेले, मोठ्या टायपात आणि दोन ओळींत भरपूर जागा सोडून पाठवा. बारीक पेन मला आता धरता येत नाही, जाड पेन्सिलीला रबराची नळी घालून लिहिते. आणि सोमवारी नको.

आपली,
एक मुद्रितशोधक, पुणे